एमआरआयमधली चकती आणि खुब्याचं दुखणं: पदव्युत्तर वर्गातली एक केस

बाईंचं वय ५२. शाळेत शिकवतात, दिवसातले चार-पाच तास फळ्यापाशी उभ्या असतात. पाच महिन्यांपासून डाव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत होतं आणि कळ मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या जरा वरपर्यंत उतरत होती. (ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत, दुखणं आहे तसंच ठेवलंय.) आमच्या फिजिओथेरपी विभागात आल्या तेव्हा हातात एमआरआयचं पाकीट होतं आणि चिठ्ठीवर निदानही लिहून आलेलं होतं: एल४-एल५ डिस्क बल्ज, डावी सायटिका. म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगून बाहेर आलेली, आणि त्यामुळे नस दबून डाव्या पायात कळ.

केस घेतली पदव्युत्तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने. उपचारांच्या योजनेवर सही माझी आहे. पुढे जे चुकलं त्यात तिच्याइतकाच माझाही हात होता, म्हणून हे आधीच सांगते.

पहिल्या दिवशी तिने हिस्टरी आठ मिनिटांत उरकली आणि तपासणीला चाळीस मिनिटं लावली. हा हिशोब तिनेच नंतर मांडला. नव्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं असंच होतं. पदवीच्या वर्षांत हाताला चाचण्यांची सवय लागलेली असते, पेशंटला बोलतं करण्याची लागलेली नसते. तिच्या फॉर्मवर सतरा चाचण्या होत्या. पाठ पुढे वाकवली की 'दुखतं'. डावा पाय सरळ उचलला की ७० अंशांवर ओढ, उजवा ७५ वर. स्लम्प चाचणीत (पाठ आणि मान वाकवून बसायचं आणि गुडघा सरळ करायचा, म्हणजे नस ताणली जाते) गुडघ्यामागे ओढ, मान वर केली की थोडी सैल. त्यापुढे 'पॉझिटिव्ह'. खुबा बाहेर नेणाऱ्या स्नायूंची ताकद डावीकडे ४/५ (५ म्हणजे पूर्ण ताकद), आणि शेजारी बाण काढून 'एल५ मायोटोम', म्हणजे एल५ या नसेवर चालणारे स्नायू. रात्रीच्या दुखण्याच्या चौकटीत 'हो' अशी खूण. त्यापुढे काही नाही.

संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या तिने मला केस सांगितली. एमआरआय, स्लम्प, एल५, सगळं एकमेकांत छान बसत होतं. मी सही केली. ट्रॅक्शन (कमरेला ताण देणं), नस मोकळी करायचे सरकते व्यायाम, पिरिफॉर्मिस या कुल्ल्यातल्या स्नायूचं ताणणं (डावा गुडघा उजव्या खांद्याकडे ओढायचा, दिवसातून तीनदा) आणि पोट-पाठीचे व्यायाम, अशी ती योजना होती.

दोन आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "दिवसा तसंच आहे, पण रात्री आधीपेक्षा जास्त दुखतं. व्यायाम एकही चुकवला नाही हो."

शेवटचं वाक्य मला खटकलं. व्यायाम न करणाऱ्या पेशंटला बरं वाटत नाही, त्याची कारणं आपल्याकडे तयार असतात. मन लावून करणाऱ्याचं दुखणं वाढतं तेव्हा चूक बहुतेक आपल्या कागदावर असते.

पुन्हा पहिल्यापासून

दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन मी ती केस चार विद्यार्थ्यांसमोर पुन्हा घ्यायला लावली. एकच अट घातली: पहिली वीस मिनिटं पेशंटला हात लावायचा नाही आणि एमआरआयचं पाकीट उघडायचं नाही. हिस्टरी संपली की मनात आलेल्या शक्यता क्रमाने लिहायच्या, आणि प्रत्येक शक्यतेपुढे ती खोडून काढेल अशी एक गोष्ट. तपासणीला त्यानंतरच हात घालायचा.

विद्यार्थिनी अवघडलेली होती. पण तिने प्रश्न चांगले विचारले.

"काकू, रात्री दुखतं म्हणालात. कुठल्या कुशीवर झोपल्यावर?"

"डाव्या कुशीवर तर झोपताच येत नाही. म्हणून उजव्या कुशीवर झोपते. पण मग डावा पाय पुढे येऊन गादीवर टेकतो आणि तासाभरात कळ सुरू होते. उताणी झाले की थांबते."

"फळ्यापाशी उभ्या असता तेव्हा?"

बाईंनी उत्तर दिलं नाही, उभ्या राहून दाखवलं. सगळा भार डाव्या पायावर, कंबर बाहेर काढलेली, उजवा गुडघा सैल. "अशीच उभी असते मी. अर्ध्या तासात पाय भरून येतो."

"खुर्चीत?"

"पायावर पाय टाकून. ती जुनी सवय."

"बूट-मोजे घालताना त्रास?"

"नाही, ते नीट जमतं."

"खोकताना, शिंकताना कळ पायात उतरते? मुंग्या, बधिरपणा?"

"नाही. पाऊल तर ठीकच आहे, दुखतं ते इथे." आणि बाईंनी तळवा खुब्याच्या बाहेरच्या हाडावर ठेवला.

रात्रीच्या दुखण्यापुढची ती खूण आता कुठे पूर्ण झाली. रात्री दुखतं एवढ्यावर धोक्याची शंका घेता येत नाही आणि सोडताही येत नाही. कूस बदलली की थांबतं का, हा दुसरा प्रश्न विचारावाच लागतो. इथे थांबत होतं. कर्करोगाचा इतिहास, वजन घटणं, लघवी-शौचाचा त्रास, मांडीच्या आतल्या बाजूचा बधिरपणा, बराच काळ स्टिरॉइड घेणं, पडणं-आपटणं, पाय टेकताना जांघेत कळ येणं, हे सगळं तिने विचारलं आणि प्रत्येकाचं उत्तर 'नाही' आलं. जांघेचा प्रश्न विद्यार्थी हटकून विसरतात. मांडीच्या हाडाच्या मानेला सूक्ष्म तडा गेला असेल तर पहिली तक्रार बऱ्याचदा तिथलीच असते.

फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या गेल्या. एक, ग्लूटियस मिडियस आणि मिनिमस या खुबा बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या टेंडनचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं. हीच तक्रार पूर्वी सरसकट 'ट्रोकँटरिक बर्सायटिस' (खुब्याबाहेरच्या हाडावरची द्रवाची पिशवी, म्हणजे बर्सा, सुजणं) या नावाने खपत असे. दोन, कमरेच्या मणक्यातून आलेलं दुखणं, नस दबून किंवा न दबता. तीन, खुब्याच्या सांध्याची झीज. तिसरी शक्यता बूट-मोज्यांच्या उत्तरानेच खाली गेली. झिजलेल्या खुब्याचा माणूस मोजे घालताना कुरकुरतो, टेंडनवाला सहसा नाही.

ओढ लागली म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे

आता हात लावायची परवानगी दिली. स्लम्प पुन्हा केली, पण या वेळी बाईंना प्रत्येक टप्प्यावर एकच विचारायचं होतं: "तुमचं नेहमीचं दुखणं हेच का?" गुडघ्यामागे ओढ आली. हेच का? "नाही, ही तर नुसती ओढ." उजवीकडेही तेवढीच ओढ. धडधाकट माणसाला स्लम्पमध्ये बसवलं तरी गुडघ्यामागे ओढ लागतेच. पेशंटची नेमकी तक्रार जागी झाली, मान हलवल्यावर ती बदलली आणि दोन्ही बाजूंत फरक दिसला, तरच त्या चाचणीला पॉझिटिव्ह म्हणायचं. पहिल्या फॉर्मवर यातली दुसरी अट तेवढी पुरी झाली होती, तीही गुडघ्यामागच्या ओढीपुरती.

पाय सरळ उचलण्याच्या चाचणीची एक गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. तिला नाव लाभलं लासेग या फ्रेंच डॉक्टरांचं, पण ती लिहून काढली त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने, १८८१ च्या आपल्या प्रबंधात. विद्यार्थ्याने पाहिलेलं गुरूच्या नावावर जमा झालं. आमच्याकडे उलट झालं. गुरूने न पाहता सही केली आणि चूक विद्यार्थिनीच्या फॉर्मवर राहिली.

मग तो एल५ चा बाण. खुबा बाहेर नेणाऱ्या स्नायूंना एल५ या नसेच्या मुळाचा मोठा पुरवठा असतो, त्यामुळे ते कमजोर दिसले की एल५ ची आठवण येणं बरोबरच आहे. पण तोच एल५ पायाचा अंगठा वर उचलतो, पाऊल वर ओढतो, पाऊल आत वळवतो. हे तिन्ही ५/५ निघाले. पावलाच्या वरची संवेदना ठीक, गुडघ्याचे आणि घोट्याचे रिफ्लेक्स दोन्हीकडे सारखे. मूळ दबलं असतं तर त्याच्या वाटेवरचा एकच स्नायू तेवढा कमजोर आणि बाकीचे ठणठणीत, असं सहसा होत नाही. पुन्हा ताकद पाहताना विद्यार्थिनीने विचारलं, "जोर लागत नाही की दुखतं म्हणून सोडता?" बाई म्हणाल्या, "दुखतं म्हणून." ४/५ चा अर्थ तिथेच फिरला.

कमरेचंही मोकळेपणाने पाहिलं, कारण नवं निदान सापडल्याच्या आनंदात जुनं न तपासता टाकून देणं हीदेखील तितकीच मोठी चूक. दहा वेळा पुढे, दहा वेळा मागे वाकवलं, शेवटी दाब दिला, मणके एकेक करून दाबून पाहिले. कंबर आखडलेली होती. खुब्याबाहेरचं दुखणं तसूभरही हललं नाही.

खुब्याचा सांधा दोन्हीकडे सारखा: घडी १२० अंशांपर्यंत, आत वळणं ३५. फेबर स्थितीत (घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून गुडघा बाहेर पाडायचा) बाहेरच्या अंगाला दुखलं, जांघेत नाही. मोठ्या ट्रोकँटरवर, म्हणजे खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याच्या हाडावर, अंगठा टेकवताच बाई दचकल्या, "हेच, हेच!" इथे चौघांचे चेहरे उजळले, पण मी त्यांना थांबवलं. ट्रोकँटर दाबल्यावर न दुखणाऱ्या माणसाचं टेंडनचं निदान मागे पडतं. दुखलं म्हणून मात्र निदान पक्कं होत नाही, कारण ती जागा बऱ्याच जणांची दुखरी असते. पक्कं करायला उलट स्वभावाची चाचणी लागते. बाईंना डाव्या पायावर उभं केलं, भिंतीला एक बोट टेकवून, ३० सेकंद. बाराव्या सेकंदाला नेहमीची कळ आली. उजव्या पायावर तीस सेकंद आरामात गेले. ही चाचणी पुष्कळ खऱ्या रुग्णांना चुकवते, पण ३० सेकंदांच्या आत बाहेरच्या अंगाला दुखलं तर तिच्या 'हो'वर चांगलाच भरवसा ठेवता येतो. खुबा आत झुकवून प्रतिकार दिला तेव्हाही तेच दुखणं आलं.

एकदा कंबर, एकदा सांधा, एकदा टेंडन असं सगळं तपासून झाल्यावर मी विचारलं, "आता सांगा, आपण दिलेल्या कुठल्या व्यायामाने रात्रीचं दुखणं वाढलं असेल?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विद्यार्थिनीच हळूच म्हणाली, "पिरिफॉर्मिसचं ताणणं."

खुबा मध्यरेषेकडे किंवा तिच्या पलीकडे गेला की मांडीच्या बाहेरची इलिओटिबियल पट्टी ताणली जाते आणि खालच्या टेंडनना ट्रोकँटरवर दाबते. एका प्रयोगात हा दाब सरळ पायात ४ न्यूटन, १० अंश आत नेल्यावर ३६ आणि ४० अंशांवर १०६ न्यूटन भरला. फळ्यापाशी कंबर काढून उभं राहणं, पायावर पाय टाकणं, उजव्या कुशीवर झोपून डावा पाय गादीवर पडणं, या सगळ्यांत खुबा आत झुकलेला असतो. त्यात आम्ही आणखी एक भर घातली होती, दिवसातून तीनदा. आणि बाईंनी एकही वेळ चुकवली नव्हती.

चकतीचं काय करायचं

आता पाकीट उघडलं. एल४-एल५ ला बल्ज खरंच होता. अहवाल चुकीचा नव्हता. पण पाठीचा काहीही त्रास नसलेल्या ३,११० माणसांची चित्रं एकत्र करून २०१५ मध्ये जो आढावा निघाला, त्यात पन्नाशीच्या सुमारे ६० टक्के लोकांत डिस्क बल्ज आणि ८० टक्के लोकांत चकतीची झीज दिसली होती. बाई ५२ च्या. त्यांचा बल्ज त्यांच्या वयाला शोभेसाच होता, खुब्याच्या दुखण्याशी त्याची सांगड आम्ही घातली होती.

'बर्सायटिस' या जुन्या नावाचीही तीच गत. खुब्याबाहेर दुखणाऱ्या ८७७ जणांच्या सोनोग्राफीत सुमारे ८० टक्क्यांत बर्सा फुगलेला नव्हताच. निम्म्या लोकांत दोष टेंडनमध्ये दिसला. आम्ही बाईंची सोनोग्राफी करायला सांगितली नाही. तिने उपचारात काही फरक पडणार नव्हता, आणि त्यांच्या पाकिटात आणखी एक भीतीदायक शब्द जमा झाला असता.

नवी योजना साधी होती, पण तीत काय बंद करायचं हे आधी लिहिलं: ट्रॅक्शन, नसेचे व्यायाम आणि ते ताणणं. मग सवयी. उभं राहताना दोन्ही पायांवर भार. पायावर पाय नाही. उजव्या कुशीवर झोपताना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी उशी; नुसती गुडघ्यांमध्ये घातली तर पाऊल खाली लोंबतं. व्यायामात सुरुवातीला उताणं झोपून, गुडघ्यांभोवती पट्टा बांधून, पाय किंचित फाकवलेले ठेवून बाहेर हलका जोर, ब्रिजिंग (उताणं झोपून कंबर वर उचलणं), खुर्चीतून उठणं-बसणं, कंबर एका बाजूला न ढळू देता. जोर टप्प्याटप्प्याने वाढवायचा. आणि मोजमाप एकच: त्या रात्रीची झोप. व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालेल, रात्री वाढलं तर दुसऱ्या दिवशी भार कमी.

बाईंनी इंजेक्शनचं विचारलं, शाळेतल्या कुणीतरी सुचवलं होतं. विद्यार्थिनीने त्यांना २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०४ जणांच्या चाचणीचे आकडे सरळ सांगितले. आठ आठवड्यांनी 'बरंच बरं वाटतं' असं म्हणणारे, व्यायाम आणि माहिती दिलेल्या गटात ७७ टक्के, स्टिरॉइड इंजेक्शनच्या गटात ५८, नुसतं थांबलेल्या गटात २९. वर्षाने हेच आकडे ७९, ५८ आणि ५२. "म्हणजे थांबले तरी वर्षाने निम्म्यांना बरं वाटतं?" बाईंनी विचारलं. "हो," ती म्हणाली, "पण वर्षभर झोप नाही." मला हे उत्तर आवडलं. बाई थांबल्या नाहीत.

चौथा आठवडा

तीन आठवडे चांगले गेले. रात्रीचं दुखणं १० पैकी ७ वरून २ वर आलं. मग विद्यार्थिनीने, उत्साहाने, कुशीवर झोपून वरचा पाय उचलण्याचा व्यायाम सुरू केला. पुस्तकात हा व्यायाम ग्लूटियस मिडियससाठी पहिल्या ओळीत असतो. दोन दिवसांत रात्रीचा आकडा ६ वर. तिने घाबरून मला विचारलं, "मॅडम, परत ट्रॅक्शन लावू का? कदाचित डिस्कच असेल."

या क्षणाची मी प्रत्येक विद्यार्थ्याच्या बाबतीत वाट बघते. थोडं बिघडलं की मन आधीच्या निदानाकडे धावतं. निदान हे गृहीतक असेल तर बिघडण्यालाही त्यात जागा हवी. मी तिला तो व्यायाम स्वतः करून बघायला सांगितला. गादीवर कुशीवर झोपून ती पाय खाली आणत होती, आणि दर वेळी वरचा गुडघा खालच्याच्या पुढे गादीकडे झुकत होता. म्हणजे पुन्हा तीच आत झुकलेली स्थिती, वर सगळ्या पायाचं वजन. ती उठून बसली आणि हसायला लागली.

दोन्ही पायांमध्ये उशा ठेवून, पाय आडव्या रेषेच्या खाली येणार नाही एवढाच उचलायचा, तोही आठवड्यातून तीनदाच, असं बदललं. चार दिवसांत झोप परत जागेवर आली. सातव्या आठवड्यापासून रबराच्या पट्ट्याने बाजूला चालणं आणि पायरी चढणं.

आकडे असे. व्हिसा-जी या १०० गुणांच्या प्रश्नावलीत, जिथे जास्त गुण म्हणजे बरं, सुरुवातीला ४६, आठ आठवड्यांनी ७१, सहा महिन्यांनी ८४. बाईंनी स्वतः निवडलेल्या तीन कामांत, १० पैकी: फळ्यापाशी उभं राहणं ३ वरून ८, जिना ४ वरून ८, डाव्या कुशीवर झोपणं १ वरून ६. शेवटचं अजून अर्धवटच आहे. आणि एका केसवरून हे आमच्याच व्यायामांनी झालं असं मी म्हणणार नाही. वेळेनेही थोडं काम केलं असेल, चुकीचं ताणणं थांबल्यानेही. आठवड्याआठवड्याला बदललेल्या गोष्टी आणि रात्रीचे आकडे शेजारीशेजारी लिहिलेले होते, म्हणून एवढं तरी सांगता येतं.

प्रशिक्षणाबद्दल थोडं. मॅन्युअल थेरपीच्या (हातांनी करायच्या उपचारांच्या) आंतरराष्ट्रीय महासंघाच्या शिक्षण-मानकांत देखरेखीखालच्या क्लिनिकल कामाचे किमान १५० तास मागितलेले आहेत. तास आमच्याकडेही भरतात. पण कॉरिडॉरमधली माझी सही त्याच तासांत मोजली गेली होती, आणि चार विद्यार्थ्यांसमोर बाईंच्या शेजारी बसलेली ती सकाळही त्याच तासांत. मॅन्युअल थेरपीतले नावाजलेले फिजिओथेरपिस्ट मेटलंड तपासणीतल्या सगळ्यात बोलक्या खुणेपुढे चांदणी काढायला सांगत, म्हणजे पुढच्या भेटीत तीच पुन्हा बघता येते. पहिल्या फॉर्मवर सतरा नोंदी होत्या आणि चांदणी एकही नव्हती. दुसऱ्यावर एकच होती: डाव्या पायावर उभं, १२ सेकंद. ती प्रत्येक भेटीत बघितली गेली. १२, १५, २२, मग वाईट आठवड्यात ९, मग ३०. आता मी कॉरिडॉरमध्ये सही करत नाही. विद्यार्थ्यांना त्याचा कंटाळा येतो, कारण त्यांना माझ्यासाठी थांबावं लागतं.

शेवटच्या भेटीत बाई निघताना दारात थांबल्या. "पण मग त्या चकतीचं काय झालं?"

विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. "ती तिथेच असेल, काकू," ती म्हणाली. "बहुतेक या दुखण्याच्या आधीपासून तिथेच होती."